इंदूताईंचा डावा डोळा

बोलताना समोरच्याच्या कुठल्या डोळ्यात बघायचं, हे आपण कधी ठरवत नाही. इंदूताई वर्तकांशी बोलताना ठरवावं लागायचं. त्यांचा डावा डोळा खोटा होता. तो त्यांनी स्वतःच, आरशात बघून केला होता आणि इतका बेमालूम केला होता की पहिल्या भेटीत मी सगळा वेळ त्याच डोळ्याशी बोलत राहिले. निघताना त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी या बाजूला बघ. मी इथे असते." आणि त्यांनी उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

ही भेट कोलकात्यातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत इथे बदलून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी बेहालातल्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करत होते. आईने कौतुकाने ते सांगितलं, तर इंदूताईंनी माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "कंप नाही ना?"

"नाही."

"मग दात पुरे झाले. सोमवारी ये."

त्या कृत्रिम डोळे करायच्या. अपघातात, आजारात ज्याचा डोळा काढावा लागला आहे, त्याच्या रिकाम्या खोबणीत बसेल असा, दुसऱ्या डोळ्याला शोभेल असा. बेहालात, रेखादी म्हणून एक बाई शिवणकामाचं दुकान चालवायच्या, त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चाले. बाहेर पाटी नव्हती. पण 'चोखेर दिदी' कुठे राहते, असं गल्लीच्या तोंडाशी कुणालाही विचारलं तरी पत्ता मिळे. चोखेर दिदी, म्हणजे डोळ्यांची ताई.

पहिल्या दिवशी मी टेबलाचा खण उघडला आणि तसाच बंद केला. आत पंधरावीस डोळे होते. अर्धवट झालेले, रंग फसलेले, कुणी न्यायलाच आलं नाही असे. सगळे उताणे, वर बघणारे. दुपारी त्या पलीकडच्या खोलीत गेल्यावर मी खण पुन्हा उघडला आणि एकेक डोळा पालथा घातला. संध्याकाळी त्यांनी ते पाहिलं. प्रत्येक उचलला, पुसला, पुन्हा उताणा ठेवला.

"पालथे घालायचे नाहीत. कोंडल्यासारखं होतं."

"कुणाला?"

"मला," त्या म्हणाल्या.

काम मी शिकत गेले. खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा आकार करायचा, तो माणसाला लावून बघायचा, मग ॲक्रिलिक, कवळीला वापरतात तेच प्लास्टिक. दातांमुळे हे मला लवकर जमलं. जमायला वेळ लागला तो बुबुळाला. इंदूताई पेशंटच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत बारीक कुंचल्याने रंग चढवत. दोन दोन तास. पांढऱ्या भागातल्या शिरा त्या लाल रेशमाच्या धाग्यांच्या करत. रेखादीच्या दुकानातून रीळ आणायचं आणि एकेक धागा सोलून केसाहून बारीक करायचा. इतका वेळ कुणी इतक्या जवळून आपल्या डोळ्यात बघत बसलं की माणसाला काहीतरी होतं. काही पेशंट रडायचे. काही जण न विचारता घरातल्या गोष्टी सांगू लागायचे.

आणि प्रत्येकजण कधीतरी विचारायचा, "दिदी, तुमचा कसा गेला?" इंदूताई त्याला त्याचीच गोष्ट सांगत. कारखान्यात लोखंडाची ठिणगी उडालेल्याला म्हणत, "माझाही ठिणगीने." दिवाळीच्या फटाक्याने डोळा गेलेल्या मुलीला म्हणत, "फटाक्यानेच ग." कर्करोगाने डोळा गेलेल्याला, "मलाही तोच होता." हे त्या इतक्या तपशिलात सांगत की मी दर वेळी खरं मानायचे. खरं काय झालं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्यांची जी सवय मला सगळ्यांत अस्वस्थ करायची ती वेगळीच होती. नवा डोळा बसवायच्या आधी, खोबण रिकामी असताना, त्या पेशंटला विचारत, "की देखेन?" काय दिसतं? हा प्रश्न त्या 'जेवलात का' विचारावं तसा विचारत, साबणाने हात धुता धुता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्या दुसऱ्या डोळ्याबद्दल विचारताहेत. समोर एक बसड्रायव्हर बसले होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि रिकाम्या बाजूला हात नेऊन सांगितलं, "काच दिसते. काचेवर वायपर फिरतो. पाऊस नसतो, नुसताच फिरतो."

"जोरात की हळू?"

"हळू."

"मग हरकत नाही," इंदूताई म्हणाल्या आणि त्यांनी एका लांबट वहीत ते लिहून घेतलं.

ती वही मी पुढे वाचली. मापं दुसऱ्या वहीत होती. हिच्यात फक्त नावं आणि त्यांच्यापुढे एकेक ओळ. 'हिरवा उजेड.' 'सासूबाई, जिना चढताना.' 'पाणी, खालून पाहिल्यासारखं.' एका नावापुढे लिहिलं होतं, 'काही नाही, पण फार जवळ.' ते वाचून मी वही मिटली.

डॉक्टर सांगतात की डोळा काढला तरी मेंदू त्याची वाट बघतो आणि आपल्या मनाची चित्रं तयार करतो. इंदूताईंनाही हे ठाऊक होतं. "बरोबरच आहे ते," त्या म्हणायच्या. "पण विचारायला काय जातं? त्यांना दुसरं कोण विचारणार आहे?"

वर्षभराने त्यांनी माझा डावा डोळा पट्टीने बांधला. "आठवडाभर काढायची नाही. झोपेतसुद्धा." त्या आठवड्यात मी सॉल्ट लेकमधल्या घरून बेहालाला एका डोळ्याने येत होते. चहा कपाबाहेर ओतला. ऑटोतून उतरताना रस्ता जिथे वाटला त्याच्या वीतभर खाली निघाला. हे होईल असं मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी मात्र वेगळंच सुरू झालं. डाव्या बाजूला, पट्टीच्या पलीकडे, सतत कुणीतरी उभं आहे असं वाटू लागलं. मेट्रोत, घरात, कामाच्या टेबलापाशी. मान वळवली की नाही. सरळ केली की आहे. दोन दिवस मी ते कुणाला बोलले नाही. शेवटी इंदूताईंना सांगितलं.

"येतो तो," त्या रंग घोटत म्हणाल्या. "सगळ्यांकडे येतो. तू त्याला काही करू नकोस, म्हणजे तोही तुला काही करणार नाही."

आठवड्याने पट्टी सोडली आणि तो गेला. त्यानंतर कुठल्याही पेशंटच्या रिकाम्या बाजूने मी एकदम समोर आले नाही. आधी आवाज देते, मग जाते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी मजुमदारबाबू आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. दोन्ही डोळे धड. त्यांनी पिशवीतून पत्नीचा मोठा केलेला फोटो काढला. ती वारून आठ महिने झाले होते. त्यांना तिचे डोळे हवे होते. दोन्ही. डबीत ठेवायला.

इंदूताईंनी त्यांना चहा दिला. फोटो बराच वेळ बघितला.

"डबीत ठेवून काय कराल?"

"उघडीन सकाळी," मजुमदारबाबू म्हणाले. "घरात आता माझ्याकडे कुणी बघत नाही, दिदी."

इंदूताईंनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "हा फोटो कुणी काढला?"

"स्टुडिओत काढलाय."

"मग त्या इथे फोटोग्राफरकडे बघताहेत. मी जे करीन ते फोटोग्राफरकडे बघणारं होईल. तुमच्याकडे बघताना त्या कशा दिसायच्या, ते फक्त तुम्ही पाहिलंय. ते मला करता येणार नाही." आणि त्यांनी फोटो त्यांच्या हातात परत दिला. ते निघून गेले. मी दारापर्यंत पोचवायला गेले. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. करता येणार नाही म्हणजे काय? मला जमलं असतं, असं माझ्या मनात आलं.

त्यानंतर महिनाभराने, मी एका रिक्षावाल्याचा डोळा बसवून हात धूत होते, तेव्हा इंदूताई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं काही चुकलं. "डोळा नीट बसला नाही का?"

"चांगला बसलाय. म्हणूनच." त्यांनी आपल्या कुंचल्यांतले तीन मला दिले. "इथे राहिलीस तर तू माझ्यासारखे डोळे करशील. एकाच्या हातचे इतके डोळे एका शहरात फिरू नयेत."

मी सॉल्ट लेकमध्ये एका दवाखान्याच्या वरची खोली घेतली. पाटी लावली. दिवा, टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि पेशंटच्या खुर्चीमागे दार. नेत्रतज्ज्ञांना भेटून आले. मग बसून राहिले. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी कुंचला उचलायचे. पाऊल खालच्या दवाखान्यात वळायचं. तीन वर्षं ज्या बाईच्या शेजारी बसून काम केलं, ती शेजारी नव्हती. चूक झाली तर 'पुसून टाक' म्हणणारं कुणी नव्हतं. आणि चूक करायलाही कुणी येत नव्हतं. मला रात्री दातांच्या लॅबची स्वप्नं पडायची.

तिसऱ्या आठवड्यात जिन्यावरचं पाऊल वर आलं. दारात मजुमदारबाबू उभे होते. रेखादीकडून पत्ता मिळाला, म्हणाले. फोटो त्याच पिशवीत होता.

मी हो म्हटलं.

बारा दिवस मी ते डोळे करत होते. आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नव्हतं. तपकिरी बुबुळ, कडेला पिवळसर झाक, वयाने आलेली फिकट कड, धाग्याधाग्याने शिरा. झाले तेव्हा मी ते निळ्या मखमलीवर ठेवले आणि मागे सरकले. हुबेहूब होते. मजुमदारबाबूंनी डबी उघडली आणि ते खालीच बसले. छातीशी धरून घेऊन गेले. मी त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, "माझं पहिलं काम झालं."

नवव्या दिवशी ते परत आले. दाढी वाढलेली. डबी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला.

"हे घ्या. मला ठेवता येत नाहीत."

"काय झालं? रंग चुकला?"

"डोळे तिचेच आहेत." त्यांनी डबीकडे बघितलंही नाही. "पण ते माझ्याकडे बघत नाहीत. डबी कुठेही ठेवली, कशीही फिरवली, तरी ते दाराकडे बघतात. कुणीतरी यायचंय असे. नऊ दिवस झाले. आता मीही दाराकडेच बघत बसतो. मला भीती वाटायला लागली आहे."

ते गेल्यावर मी पेशंटच्या खुर्चीत बसून डबी उघडली. मी केलेले डोळे मला पहिल्यांदा परके वाटले. मजुमदारबाबू म्हणत होते ते खरं होतं. ते समोर बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून, मागे, जिथे दार होतं तिथे बघत होते. मी डबी फिरवली. तरी मला मागे वळून पाहावं लागलं.

मी डबी घेऊन बेहालाला गेले. जाताना सगळी वाक्यं ठरवली होती. पोचल्यावर नुसती डबी पुढे केली. इंदूताईंनी डबी उघडली, खिडकीपाशी नेली, आणि न रागावता विचारलं, "करताना तू कुठे बघत होतीस?"

"फोटोकडे."

"अगं, खरं सांग."

मग मी म्हटलं, "दाराकडे. कुणी येतंय का म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "ते आलंय ह्यात."

त्यांनी पॉलिशचं मशीन सुरू केलं आणि मला खुर्चीत बसवलं. "घास. बुबुळ जाईपर्यंत. आणि मान फिरवू नकोस, बघत घास." मी ते डोळे घासले. आधी चमक गेली, मग बाहुली, मग ते तपकिरी रंगाचं चूर्ण होऊन माझ्या बोटांवर उडत राहिलं. संपायला तास लागला. इंदूताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. शेवटी दोन पांढरे तुकडे उरले.

"आता त्यांच्याकडे जा," त्या म्हणाल्या. "काही घेऊन जाऊ नकोस. नुसती समोर बस."

मी बागबाजारला मजुमदारबाबूंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, मला बघून घाबरले, माझे हात रिकामे आहेत हे पाहून आत घेतलं. मी त्यांच्या समोर बसले आणि त्यांच्या डोळ्यात बघत राहिले, पेशंटच्या बघते तशी. आधी ते कसनुसे झाले. मग बोलायला लागले. बायकोबद्दल नाही, स्वतःबद्दल. तीन तास. माझ्या बंगालीला दोनदा हसले. निघताना म्हणाले, "पुन्हा याल?" मी अजूनही जाते.

दोन दिवसांनी इंदूताईंचा फोन आला. "माझा डोळा जुना झाला. टोचतो. नवा करून दे."

"मी? तुम्ही तर स्वतःच..."

"आरशात उजवं डावं होतं. आयुष्यभर मी उलटी दिसते आहे. ये, साहित्य घेऊन."

त्या माझ्या खोलीत आल्या, पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि सरावाने खालची पापणी ओढून डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता. इतक्या खोबणी मी पाहिल्या होत्या. ही बघायला माझी मान वर होईना. त्या थांबल्या. शेवटी मी बघितलं. गुलाबी, ओली, रिकामी जागा. दुसरं काही नाही. माझे हात आपोआप कामाला लागले.

साचा भरत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "विचार की."

काय विचारायचं ते मला ठाऊक होतं. तीन वर्षं मनात होतं. "ताई, काय दिसतं?"

"एक बाई बसलेली दिसते. पाठमोरी. दिव्याखाली काहीतरी करत असते. पहिल्या दिवसापासून."

"कोण?"

"तोंड दिसलं असतं तर वहीत लिहिलं नसतं का?"

तो डोळा मी अकरा दिवसांत केला. खुर्ची फिरवून घेतली होती, दार मला दिसत नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली, एकदा कुणी वर येऊन परतही गेलं असावं, पण मला ते नंतर आठवलं. गुडघ्याला गुडघा लावून मी त्यांच्या उजव्या डोळ्यात बघत होते आणि तोही माझ्यात बघत होता. बसवला, तेव्हा त्यांनी मान हलवली, वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्ही डोळे बरोबर फिरले. मी आरसा पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला.

"ती बाई गेली का?" मी विचारलं. मला वाटलं, त्या हसतील.

"नाही," इंदूताई म्हणाल्या. "उठून उभी राहिली आहे."

पुढे पेशंट येऊ लागले. इंदूताई आपल्याकडच्यांनाही माझ्याकडे पाठवू लागल्या. मी विचारायला फोन केला की म्हणत, "तुझ्या खोलीत बसलाय तो, माझ्या नाही. तूच बघ." काही महिन्यांत मी विचारायचं सोडलं. मग नुसताच फोन करत असे.

एका सकाळी रेखादींचा फोन आला. इंदूताई झोपेतच गेल्या होत्या. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी भरून उशाशी ठेवला होता, हे रेखादींनाही तेव्हाच कळलं. मी पोचले त्याच वेळी आयबँकेची माणसं आली, एक पोक्त गृहस्थ आणि एक तरुण डॉक्टरीण. तिने हातमोजे चढवले, टॉर्च लावला, आधी उजवी पापणी उघडली, मग डावी. दोनदा आलटून पालटून पाहिलं.

"उजवा ठीक आहे," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "पण डावा फार छान आहे. कॉर्निया अगदी स्वच्छ. आधी हाच घेऊ."

"तो घेऊ नका," मी म्हटलं. "तो माझा आहे."

तिला कळलं नाही. नातेवाईक ऐनवेळी मागे सरतात, तसं तिला वाटलं असावं. ती समजावणीच्या सुरात बोलू लागली.

"तो मी केलाय," मी म्हटलं. "ॲक्रिलिकचा आहे."

ती वाकली. टॉर्च जवळ नेला. मग बोटाने हलकेच स्पर्श केला आणि हात झटकन मागे घेतला. ते गृहस्थही पुढे येऊन बघू लागले. रेखादी भिंतीला टेकून रडत होत्या.

त्यांनी उजव्या डोळ्याचं काम केलं, पापणी नीट मिटवली, कागदावर सही घेतली आणि गेले. मग मी इंदूताईंच्या डाव्या अंगाला गेले. चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ आत गेले होते, आणि त्या सगळ्यात तो एक डोळा ओलसर चमकत होता. मी सवयीने वाकून नजर तपासली. सरळ होती. पापणी खाली ओढली, ती राहिली नाही. पुन्हा ओढली. मग तिच्यावर बोट ठेवून तशीच उभी राहिले, शववाहिनी येईपर्यंत.